काचेआडचा चेहरा : एका इग्बो मुखवट्याची कैफियत

लाकडात कोरलेला एक चेहरा. अरुंद आणि लांबट. नाक सरळ, ओठ लहान, डोळ्यांच्या जागी बारीक फटी. सगळ्यावर पांढऱ्या मातीचा लेप आणि त्यावर काळ्या रेषांची नाजूक नक्षी. कपाळाच्या वर जवळजवळ चेहऱ्याइतकाच उंच केशसंभार, त्यात कमानी, वेण्या आणि फण्यांचे आकार. अशा मुखवट्याखाली जी चिठ्ठी लावलेली असते ती साधारणपणे अशी : मुखवटा, इग्बो, नायजेरिया, लाकूड व रंग, विसाव्या शतकाचा आरंभ, कारागीर अज्ञात. या चिठ्ठीतील जवळजवळ प्रत्येक शब्दावर वाद घालता येतो आणि तो घालणे आवश्यक आहे. #थ्रेड #इतिहास

लंडनचे ब्रिटिश म्युझियम, केंब्रिज विद्यापीठाचे पुरातत्त्व व मानववंशशास्त्र संग्रहालय, ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स म्युझियम अशा अनेक ठिकाणी इग्बो मुखवटे आहेत. इग्बो लोकांचा मुलूख आग्नेय नायजेरियातला. बराचसा नायजर नदीच्या पूर्वेला, थोडा पश्चिमेला. ओनित्शा, ऑका, एनुगू, ओवेरी ही त्यांची महत्त्वाची शहरे. वर वर्णन केलेला पांढरा चेहरा या मुलखाच्या उत्तर भागातला, विशेषतः ऑका आणि न्री यांच्या परिसरातला. त्याचे नाव ‘अग्बोघो म्मुओ’. अग्बोघो म्हणजे तरुण मुलगी आणि म्मुओ म्हणजे आत्मा.

चिठ्ठीतला पहिलाच शब्द तपासू. मराठीत ‘मुखवटा’ म्हटले की नजरेसमोर चेहरा येतो. शब्दातच ‘मुख’ आहे. इग्बो भाषेतला शब्द ‘म्मन्वू’, आणि तो नुसत्या चेहऱ्यासाठी नाही. लाकडी चेहरा, अंगभर घट्ट बसणारा रंगीबेरंगी कापडाचा पोशाख, बदललेला आवाज, पावलांची लय, बासरी, लोखंडी घंटा, ढोल, भोवतीची गर्दी, आणि आत असलेला माणूस ज्याचे नाव कोणी उच्चारायचे नाही, हे सर्व मिळून म्मन्वू होतो. मराठीतला ‘सोंग’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. बोहाड्यातले सोंग म्हणजे काही नुसता मुखवटा नव्हे. पण ‘सोंग’ या शब्दाला पुढे ढोंगाचा वास चिकटला. म्मन्वूमध्ये ढोंग नाही. लोकसमजुतीप्रमाणे हे आत्मे जमिनीतून, मुंग्यांच्या बिळांतून वर येतात. समोर उभा आहे तो गावातला अमुक इसम नव्हे, पाहुणा म्हणून आलेला आत्मा आहे, असे सारे गाव मानते.

म्हणजे संग्रहालयाच्या कपाटात जे आहे तो म्मन्वूचा एक अवयव आहे. लाकडाच्या कडेने पाडलेली छिद्रे अनेक मुखवट्यांवर दिसतात. तेथे पोशाख शिवलेला असे. काही ठिकाणी पोशाखही जपलेला आहे, पण बहुतेक वेळा कापड गेले आणि चेहरा उरला. त्याचे कारण सरळ आहे. युरोपीय संग्राहकाला शिल्प हवे होते. शिवणकाम त्याच्या लेखी कलेत मोडत नव्हते.

आता या ‘मुली’विषयी. अग्बोघो म्मुओ कोरड्या ऋतूतल्या उत्सवांत आणि मोठ्या माणसांच्या अंत्यविधींच्या सोहळ्यांत नाचते. तिच्यात आदर्श तारुण्याची सगळी लक्षणे एकवटलेली असतात. पांढरा रंग ‘न्झू’ या पांढऱ्या मातीचा. तो शुद्धतेचा आणि आत्म्यांच्या जगाचाही रंग. चेहऱ्यावरच्या काळ्या रेषा ‘उली’ची आठवण देतात. उली म्हणजे स्त्रिया वनस्पतीच्या रसाने अंगावर काढत ती नक्षी. डोक्यावरचा केशसंभार जुन्या काळी विवाहयोग्य मुली करीत त्या केशरचनांवरून घेतलेला, अर्थात कित्येक पटींनी वाढवलेला. पोशाखावर स्तनांचे आकार शिवलेले असतात. प्रयोगात कधी एकापेक्षा अधिक मुली असतात, त्यांची आई असते, बाप असतो, लग्नाला इच्छुक गडीही असतो.

आणि यांतली प्रत्येक भूमिका पुरुष करतो.

मुखवट्यांचे संघ पुरुषांचे. त्यांत प्रवेश विधिपूर्वक होतो आणि आतली रहस्ये स्त्रियांना कळू नयेत असा नियम असतो. स्त्रियांच्या सौंदर्याचे, त्यांच्याच उली नक्षीचे, त्यांच्याच केशरचनेचे प्रदर्शन पुरुष मांडतात आणि स्त्रिया प्रेक्षकांत उभ्या राहून त्याला दाद देतात. याला निव्वळ स्त्रीपूजा म्हणणे भाबडेपणाचे होईल. आदर्श स्त्री कशी असावी हे पुरुषांनी सांगण्याचा हाही एक प्रकार आहे. पण याच्या उलट टोकाला जाऊन केवळ दडपशाही म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. आत कोण आहे ते अनेक स्त्रियांना चालीवरून ओळखू येते आणि त्या गप्प राहतात. चिनुआ अचेबे यांनी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत ही गोष्ट फार मिस्कीलपणे टिपली आहे. नऊ पूर्वजात्मे न्यायनिवाड्याला बसतात, त्यांतल्या एकाची चाल गावातल्या ओकोन्क्वोसारखी आहे हे त्याच्या बायकांच्या लक्षात येण्याजोगे असते, आणि त्या काही बोलत नाहीत. गुपित टिकते ते दोन्ही बाजूंनी राखले जाते म्हणून.

त्याच कादंबरीत एक अतिउत्साही नवख्रिस्ती तरुण भर गर्दीत अशाच एका आत्म्याचा मुखवटा ओढून काढतो. गावाच्या दृष्टीने तो खून ठरतो. आत्मा मारला गेला. पुढे गाव चर्चची इमारत पाडून जाळते आणि कथा विनाशाकडे वळते. प्रसंग कादंबरीतला असला तरी त्यामागचा विचार खरा आहे. मुखवटा माणसापासून वेगळा करणे ही इग्बो समाजात साधी कृती नव्हती. संग्रहालयातला प्रत्येक मुखवटा मात्र व्याख्येनेच वेगळा केलेला आहे.

अचेबे यांच्याच ‘अॅरो ऑफ गॉड’ (१९६४) या कादंबरीत एडोगो नावाचा कोरक्या आहे. त्याने एका नव्या मुखवट्याचा चेहरा कोरला आहे आणि नाकाविषयी त्याच्या मनात शंका आहे. मुखवटा उग्र आत्म्याचा, पण नाक उतरले ते कन्यारूप आत्म्याला शोभावे इतके नाजूक. लोक स्तुती करतात, तरी त्याचे समाधान होत नाही. प्रत्यक्ष नाचताना पाहिल्याखेरीज काम साधले की बिघडले हे कळणार नाही, म्हणून तो गर्दीत जाऊन उभा राहतो. मुखवटा चालू लागल्यावर तो दोष विरून गेल्यासारखा वाटतो. कलासमीक्षेची जाडजूड पुस्तके जे सांगताना अडखळतात ते अचेबे यांनी एका छोट्या प्रसंगात सांगितले. स्थिर चेहऱ्याचे नाक मोजून त्या कलाकृतीचे मूल्य ठरत नाही. एका जागी उभे राहून म्मन्वू पाहता येत नाही, अशा अर्थाची एक म्हणही इग्बो लोकांत आहे. संग्रहालयातला प्रेक्षक नेमका एका जागी उभा असतो आणि मुखवटाही.

सर्वच म्मन्वू देखणे नसतात, हेही येथे नोंदवायला हवे. काळे, शिंगांचे, दात विचकणारे उग्र पुरुषी मुखवटे असतात आणि ते गर्दीच्या अंगावर धावून जातात. ‘इजेले’ नावाचा अवाढव्य म्मन्वू सुमारे ४ मीटर उंच असतो. युनेस्कोच्या नोंदीनुसार तो सिद्ध करायला शंभर माणसे सहा महिने खपतात. २००९ मध्ये त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. आणि रात्री येणारे काही आत्मे तर दिसतच नाहीत. अंधारात त्यांचे फक्त गाणे ऐकू येते, घरातल्यांनी बाहेर डोकावायचे नसते. चेहरा नसलेला मुखवटा! त्याला कोणते कपाट पुरे पडणार?

संग्रहालयांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद येतो. हे लाकूड गावातच राहिले असते तर वाळवीने खाल्ले असते, दमट हवेत कुजले असते. आज पाहायला मिळते आहे ते आम्ही जपले म्हणून. यात तथ्य आहे. इग्बो प्रदेशातले जुने लाकूडकाम फारसे टिकलेले नाही. इग्बो-उक्वू येथे १९३८ मध्ये एका रहिवाशाला पाण्याची टाकी खणताना काशाच्या अद्भुत वस्तू सापडल्या, आणि पुढे थर्स्टन शॉ यांच्या उत्खननानंतर त्यांचा काळ साधारण नवव्या शतकापर्यंत मागे नेला गेला. त्यांत मानवी चेहऱ्यांची पदके आहेत, चेहऱ्यांवर रेषांची नक्षी कोरलेली आहे. धातू उरला. त्या काळी कोणी लाकडी चेहरे कोरले असतील तर ते मातीत गेले.

परंतु ‘जपणूक’ हेच वस्तूचे अंतिम कल्याण आहे, हे कोणी ठरवले? ओवेरीच्या परिसरात भूदेवी ‘आला’ आणि इतर देवतांसाठी ‘म्बारी’ नावाची मातीची घरे बांधली जात. निवडलेली माणसे दीर्घकाळ वेगळी राहून शेकडो मूर्तींनी ते घर भरत, मोठ्या समारंभाने ते उघडले जाई, आणि त्यानंतर त्याची डागडुजी करायची नाही, असा संकेत होता. पावसात ते विरघळे. पुढच्या पिढीने गरज पडली तर नवे बांधावे. हर्बर्ट कोल आणि चिके अनियाकोर यांच्या ‘इग्बो आर्ट्स’ (१९८४) या ग्रंथाला अचेबे यांनी प्रास्ताविक लिहिले. त्यात याच म्बारीच्या आधारे त्यांनी घडलेल्या वस्तूपेक्षा घडवण्याच्या क्रियेला इग्बो कलाविचारात असलेले महत्त्व मांडले. मुखवट्यांचेही बरेचसे असेच. जुना झाला, किडला, की नवा कोरायचा. कोरण्याचे ज्ञान वाहते राहिले पाहिजे, लाकडाचा एखादा तुकडा चिरंतन नसला तरी चालेल.

तेव्हा ‘आम्ही वाचवले’ या दाव्याला उत्तर असे : तुकडा वाचला, पण तो ज्या साखळीतला दुवा होता ती साखळी तुटण्यास कारण झालेल्या सत्तेनेच तो उचलला. हे कसे घडले ते पाहू.

ओनित्शा येथे १८५७ मध्ये अँग्लिकन मिशनचे काम सुरू झाले, १८८५ मध्ये कॅथलिक मिशनरी आले. १९०१-०२ मध्ये ब्रिटिशांनी अरो लोकांवर मोहीम काढून अरोचुक्वूचे प्रसिद्ध देवस्थान उद्ध्वस्त केले. नायजरच्या पश्चिमेकडील इग्बो भागांत ‘एकुमेकू’ या नावाने ओळखला जाणारा प्रतिकार १९१० च्या आसपासपर्यंत अधूनमधून भडकत राहिला. म्मन्वू हा कित्येक गावांत न्याय, शिस्त आणि दंड यांचाही आधार होता; त्यामुळे नव्या न्यायालयांना आणि नव्या धर्माला तो प्रतिस्पर्धी वाटणे क्रमप्राप्त होते. धर्मांतरित कुटुंबांनी जुनी लाकडे टाकून दिली, विकली, जाळली. या पार्श्वभूमीवर संग्राहक आले.

त्यांतला सर्वांत महत्त्वाचा नॉर्थकोट टॉमस (१८६८–१९३६). ब्रिटिश वसाहत खात्याने नेमलेला पहिला सरकारी मानववंशशास्त्रज्ञ. १९०९ ते १९१३ या काळात त्याने दक्षिण नायजेरियात तीन दौरे केले, त्यांतले दोन इग्बो भाषकांमध्ये. त्याने हजारो छायाचित्रे घेतली, मेणाच्या नळकांड्यांवर शेकडो ध्वनिमुद्रणे केली, वनस्पती गोळा केल्या, आणि मोठ्या संख्येने वस्तू जमवल्या. त्या वस्तू आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहेत. टॉमसला सरसकट लुटारू ठरवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्याने पुष्कळ वस्तू पैसे देऊन घेतल्या, बारकाईने नोंदी ठेवल्या. त्याच्यावर वसाहतीचे अधिकारीच नाराज असत, कारण त्यांना राज्यकारभाराला उपयोगी माहिती हवी होती आणि हा गृहस्थ गाणी मुद्रित करीत बसे. पण तो आला तो सरकारी माणूस म्हणून. ज्या गावाने नुकतीच फौज पाहिली आहे, त्या गावाने सरकारी माणसाला ‘विकलेल्या’ वस्तूच्या संमतीचे वजन किती, हा प्रश्न उरतोच.

‘कारागीर अज्ञात’ हे चिठ्ठीतले शेवटचे दोन शब्द सर्वांत अन्यायाचे. ते वाचताना असे वाटते की नाव काळाच्या ओघात नाहीसे झाले. वास्तविक कोरक्याचे नाव त्याच्या गावाला, ग्राहकांना, शेजारच्या गावांनाही ठाऊक असे. ऑकाचे लोहार आणि लाकडावर कोरीव काम करणारे दूरवर प्रसिद्ध होते. लोक नावानिशी कारागीर निवडत. नाव हरवले ते संग्रह करणाऱ्याने विचारले नाही म्हणून, किंवा विचारून लिहिले नाही म्हणून. ‘अज्ञात’ हे विशेषण कारागिराला लावलेले असले तरी ते खरे तर संग्राहकाच्या वहीचे वर्णन आहे.

याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. ओनित्शात १९१७ मध्ये जन्मलेले बेन एन्वोन्वू हे विसाव्या शतकातील आफ्रिकेच्या सर्वांत मोठ्या कलावंतांपैकी एक. त्यांचे वडील पारंपरिक मूर्तिकार होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची अवजारे बेन यांच्याकडे आली. बेन लंडनला शिकले, त्यांनी अग्बोघो म्मुओ या विषयावर चित्रे रंगवली, आणि त्यांचे ‘अन्यान्वू’ हे शिल्प लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची एक प्रत १९६६ मध्ये नायजेरियाने संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिली. मुलाचे नाव लिलावगृहांच्या सूचीत ठळक अक्षरांत छापले जाते. वडिलांच्या पिढीतल्या कोरक्याचे काम त्याच सूचीत आले तर त्यापुढे बहुधा फक्त ‘इग्बो’ असे जमातीचे नाव असते. दोघांच्या प्रतिभेत एवढे अंतर होते म्हणून हे घडलेले नाही. एकाने सही केली, दुसऱ्याला सहीची गरज नव्हती, आणि बाजाराला सहीशिवाय नाव समजत नाही.

आता त्या काळाकडे, ज्याविषयी संग्रहालये सर्वांत कमी बोलतात. ३० मे १९६७ रोजी पूर्व नायजेरियाने बियाफ्रा या नावाने स्वतंत्र होत असल्याचे जाहीर केले. जुलैत युद्ध सुरू झाले आणि १५ जानेवारी १९७० रोजी ते संपले. लाखो माणसे मेली. त्यांतली फार मोठी संख्या उपासमारीने. भुकेने खंगलेल्या बियाफ्रन मुलांची छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापली गेली. त्याच महिन्यांत, त्याच मुलखातून, मूर्ती आणि मुखवटे सीमेपलीकडे जात होते आणि युरोपातल्या दुकानांत पोहोचत होते. ओरोन येथील संग्रहालयात शेजारच्या ओरोन लोकांच्या पूर्वजमूर्तींचा मोठा संग्रह होता. युद्धात त्यातल्या पुष्कळ मूर्ती नष्ट झाल्या वा नाहीशा झाल्या. गावागावांतल्या देवळांचा हिशेब तर कोणी ठेवलाच नव्हता.

कायदा नव्हता असे नाही. नायजेरियात १९५३ पासून पुरातन वस्तूंविषयीचा कायदा होता आणि परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेण्यास मनाई होती. म्हणजे १९६७ ते १९७० या काळात बाहेर पडलेल्या वस्तूविषयी विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे : परवाना कोठे आहे?

हा प्रश्न २०२० मध्ये जाहीरपणे विचारला गेला. पॅरिसमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने दोन इग्बो ‘अलुसी’ मूर्ती, म्हणजे देवतांच्या लाकडी प्रतिमा, विक्रीला काढल्या. त्या फ्रेंच संग्राहक जॅक केरशाश याने १९६८-६९ च्या सुमारास मिळवल्या होत्या असे सूचीतच नमूद होते. हाच केरशाश पुढे लूव्र संग्रहालयात आफ्रिकी व इतर खंडांच्या कलेचे दालन व्हावे म्हणून झटला. प्रिन्स्टन विद्यापीठातले इग्बो कलेतिहासकार चिका ओकेके-अगुलू यांनी या मूर्ती युद्धकाळात लुटलेल्या असल्याचे सांगून लिलावाला विरोध केला. नायजेरियाच्या संग्रहालय आयोगानेही विक्री थांबवण्याची मागणी केली. लिलावगृहाने विक्री कायदेशीर असल्याची भूमिका घेतली. २९ जून २०२० रोजी त्या मूर्ती २,१२,५०० युरोंना विकल्या गेल्या. किमान अपेक्षित किंमत २,५०,००० होती. विरोधाचा परिणाम तेवढाच झाला असे म्हणता येईल, तोही तर्काने.

येथे बेनिनची तुलना हमखास केली जाते, आणि तिथेच चर्चा भरकटते. बेनिन हे इग्बो मुलखाच्या पश्चिमेचे, एडो लोकांचे राज्य. ब्रिटिश फौजेने फेब्रुवारी १८९७ मध्ये तेथील राजवाडा लुटला. हजारो पितळी व हस्तिदंती वस्तू युरोपात गेल्या. घटना एक, तारीख ठाऊक, मालक ठाऊक. त्यामुळेच २०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडील बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवण्याचा करार केला आणि मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंचा मालक म्हणून बेनिनचा राजा, म्हणजे ‘ओबा’, यालाच मान्यता दिली.

इग्बो मुखवट्याचे तसे नाही. काही अपवाद सोडले, उदाहरणार्थ न्री आणि ओनित्शा, तर इग्बो गावांना राजे नव्हते; ‘इग्बोंना राजा नाही’ अशी म्हणच आहे. गावचे निर्णय ज्येष्ठांच्या, समवयस्कांच्या गटांच्या आणि पदवीधारकांच्या सभांत होत. मुखवटा एखाद्या वाडीच्या संघाचा असे. लुटीची एक तारीख नाही, एक राजवाडा नाही, एक वारस नाही. परिणाम असा की परतीच्या जागतिक चर्चेत ज्यांना राजे होते त्यांचा आवाज मोठा ठरतो, आणि ज्यांनी राजाशिवाय समाज चालवला त्यांच्या वस्तू ‘नेमक्या कोणाला द्यायच्या?’ या प्रश्नावर अडवून ठेवता येतात. हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर योग्य आहे. अनेकदा तो उत्तर मिळू नये अशाच बेताने विचारला जातो.

‘सगळे उद्याच परत पाठवा’ हा घोष म्हणूनच अपुरा आहे. मुखवटा लागोसच्या किंवा अबुजाच्या एखाद्या कोठारात गेला तर एडोगोच्या गर्दीपासून तो लंडनइतकाच दूर राहील. आणि खुद्द इग्बो समाजही याबाबत एकमुखी नाही. तो आज बहुसंख्येने ख्रिस्ती आहे. काही प्रवचनकारांच्या प्रेरणेने जुनी देवस्थाने जाळल्याच्या घटना अलीकडच्या काळातही घडल्या आहेत. दुसरीकडे म्मन्वू जिवंतही आहे. सणाला, अंत्यविधीला तो आजही निघतो, नवे चेहरे कोरले जातात, नवे पोशाख शिवले जातात. जुना मुखवटा परत आला तर त्याने नाचायचे, की काचेआड राहायचे, की मातीत जायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या गावाचा आहे. ते निर्णय संग्रहालयांना पटणार नाहीत, अशीही शक्यता आहे. अधिकार देण्याचा अर्थच तो.

परंतु या गुंतागुंतीच्या आड लपून काहीच न करणे हे सर्वांत वाईट. यांत दोन काळ स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. १९६७ नंतर युद्धाच्या धुरातून बाहेर पडलेली आणि निर्यात परवाना नसलेली प्रत्येक इग्बो वस्तू संशयास्पद मानावी आणि ती निर्दोष असल्याचा पुरावा ज्याच्याकडे वस्तू आहे त्याने द्यावा. भुकेल्या, पळणाऱ्या गावाने आपल्या वस्तूची पावती जपून ठेवावी अशी अपेक्षा करणे निर्लज्जपणाचे आहे. वसाहतकाळातल्या, टॉमससारख्यांच्या संग्रहांबाबत मात्र सुरुवात नोंदी खुल्या करण्यापासून व्हावी : वस्तू कोणत्या गावातून आली, कोणी दिली, किती पैसे मोजले, सोबत कोणती छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे आहेत.

हे होऊ शकते, कारण ते झालेले आहे. २०१८ पासून पॉल बासू यांच्या नेतृत्वाखाली एका संशोधन प्रकल्पाने टॉमसची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे घेऊन त्याच गावांत पुन्हा फेरी मारली. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर ज्यांना नुसते ‘पुरुष’, ‘स्त्री’ अशी ओळख होती, त्यांतल्या काहींना नातवंडा-पतवंडांनी नावाने ओळखले. ज्यांनी आजोबांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. जुनी गाणी पुन्हा ऐकली गेली, काहींचे शब्द आजच्या म्हाताऱ्यांना अजून येत होते. एवढ्या वर्षांत हे कोणी का केले नाही, याचे उत्तर ‘शक्य नव्हते’ असे नाही. त्या कागदांचे आणि नळकांड्यांचे खरे वाचक कोठे राहतात, हे कोणी विचारातच घेतले नव्हते.

इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांना यातला एक भाग घरबसल्या करता येतो. मोठ्या संग्रहालयांच्या सूची आता संगणकावर खुल्या आहेत. इग्बो मुखवट्याची नोंद उघडली की चेहऱ्याच्या सौंदर्यावर रेंगाळण्याआधी दोन रकाने पाहावेत : वस्तू संग्रहात आली ते वर्ष, आणि ती कोणाकडून आली ते नाव. पहिल्या रकान्यात १९६८ नंतरचे वर्ष आणि दुसऱ्यात पॅरिस, ब्रुसेल्स किंवा न्यूयॉर्कमधल्या एखाद्या विक्रेत्याचे नाव असेल, आणि त्या दोहोंच्या मागे मुखवट्याच्या गावाचा काहीच उल्लेख नसेल, तर ती नोंद जपून ठेवावी. तशा नोंदी किती आहेत हे मोजायला कोणीतरी बसले पाहिजे.